अकरा सह्या, आठ अंगठे

हे लिहू की नको असं तीन आठवडे चाललंय, कारण यात माझीच फजिती आहे आणि ती छोटी नाहीये. पण काल ऑफिसात रिपोर्टचा फॉर्म भरताना 'उपस्थित महिला' या रकान्यात ३४ टाकलं आणि पुढं काय लिहायचं तेच कळेना, कारण पुढचा रकाना थेट चहा-नाश्त्याच्या खर्चाचा होता.

मी धुळ्यात एका संस्थेत आहे, चौदा वर्षं झाली. बचत गट, ग्रामसभा, वनहक्काचे दावे, जो प्रोजेक्ट येईल तो. मागच्या वर्षी नवीन आला, 'महिला आणि शांतता', सोबत इंग्रजी मॅन्युअलचं हे एवढं बाड आणि ते मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात. मी रात्र रात्र बसून 'सर्वसमावेशक शांतता प्रक्रियेतील महिलांचा अर्थपूर्ण सहभाग' वगैरे लिहिलं आणि मोठ्या कौतुकाने आमच्या ड्रायव्हरदादांना वाचून दाखवलं. ते अमळनेरकडचे, शांतपणे ऐकलं सगळं आणि म्हणाले, "ताई, यामा भांडन कोठे शे?" म्हणजे, यात भांडण कुठं आहे?

बरोबरच होतं त्यांचं. मॅन्युअलची सुरुवात संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने, क्रमांक १३२५, सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० ला केलेला. सोप्या भाषेत सांगायचं तर युद्ध थांबवताना, करार लिहिताना आणि नंतर सगळं परत उभं करताना बायका ठरवणाऱ्यांत पाहिजेत, नुसत्या सोसणाऱ्यांत नको. मग लायबेरिया, उत्तर आयर्लंड, रवांडा, आपल्याकडच्या नागा मदर्स, नागालँडमधली बायकांची संघटना. सगळं चांगलंच होतं, पण मला आपलं वाटायचं की लायबेरिया कुठं आणि सातपुडा कुठं, हे फंडिंगवाल्यांचं खूळ आहे, तीन ट्रेनिंगं घ्यायची, फोटो पाठवायचे, झालं.

आता केस सांगते. पाड्यांची नावं देत नाही, शिरपूरच्या वर, डोंगराला लागून, दोन पाडे आणि मधून नाला, एवढं पुरे. नाल्याच्या पलीकडच्या उतारावरच्या जमिनीवरून दोघांचं जुनं वैर. दीड वर्षापूर्वी दिवाळीनंतर ते पेटलं, दगड, काठ्या, तीरकामटे सगळं निघालं, एका पोराचा डोळा गेला, बरेच जण दवाखान्यात, दोन्हीकडं गुन्हे दाखल. त्याच्यानंतर कितीतरी महिने एका पाड्याचा माणूस दुसऱ्या पाड्याच्या रस्त्याने बाजाराला जाईना. शेवटी पेरणीच्या तोंडावर, जूनमध्ये, दोन्हीकडचे पंच, कारभारी, पोलीस पाटील असे सगळे बसले आणि स्टॅम्प पेपरवर समझोता झाला. नाला ही हद्द, जखमींना अमुक पैसे, कोणी तीरकामटा घेऊन हद्द ओलांडायची नाही, आणि शेवटी बोकड. अकरा जणांनी सह्या केल्या, आठ जणांनी अंगठे उठवले.

मी तिथं होते. आमच्या वार्षिक अहवालात तो फोटो आहे, खाली 'यशोगाथा' लिहिलंय, ते पण मीच लिहिलंय. अंगठ्यासाठी शाईचं पॅड कोणाकडं नव्हतं तर पर्समधून मी काढून दिलं आणि एकेकाच्या पुढं धरत गेले, एकोणीस लोक झाले आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की यात एक बाई नाहीये. बायका होत्या ना तिथं, मागं चुलीवर, बोकडाचा मसाला वाटत.

समझोता पावसाळाभर टिकला, दसरा-दिवाळी गेली, सगळे खुश. आणि जानेवारीपासून तिथल्या आशाताईचे फोन सुरू झाले की ताई परत कुरबुर आहे, परवा दगडफेक झाली, भोंगऱ्याच्या, म्हणजे होळीआधीच्या बाजारात काहीतरी होईल बघा. पंच म्हणत होते पोरं दारू पितात म्हणून होतं. मीपण तेच धरून चालले होते. तर ठरवलं की प्रोजेक्टचं दुसरं ट्रेनिंग तिथंच घेऊ, दोन्ही पाड्यांच्या बायकांचं, एकत्र.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. सकाळी सातला जीप काढली, सावळद्याला तापी ओलांडली, शिरपूरला दादांनी चहा पाजला. रस्त्यात मी त्यांना शाळेत शिकलेलं सांगत होते, की आपल्या खानदेशात साहेबाने भिल्लांशी शांतता कशी केली, तो इंग्रज अधिकारी आउट्रम, १८२५ ला भिल्ल कोअर काढली, म्हणजे भिल्लांचीच पलटण, धरणगावला. पकडलेल्या लोकांच्या मार्फत भिल्लांच्या नाईकांशी, म्हणजे म्होरक्यांशी, संधान बांधलं, एकटा त्यांच्याबरोबर रानात गेला, ब्रँडी पाजली, पहारा न ठेवता त्यांच्यात राहिला आणि मग त्यांनाच वर्दी दिली, ज्यांच्या हातात हत्यार होतं त्यांनाच पगारावर घेतलं. दादा म्हणाले, आणि बाया? मी म्हटलं त्या गोष्टीत बाया नाहीत. असं म्हणून मी खिडकीतून बाहेर बघायला लागले, तरीपण डोक्यात काही पेटलं नाही. माणूस चौदा वर्षं एकच काम करायला लागला ना की असाच ठोंब्या होतो.

अंगणवाडीच्या खोलीत चौतीस बायका जमल्या. एका पाड्याच्या उजव्या भिंतीला, दुसऱ्या पाड्याच्या डाव्या भिंतीला, मधी जीप जाईल एवढी जागा मोकळी. पुरुष बाहेर मोहाच्या झाडाखाली. मी लॅपटॉप लावला, प्रोजेक्टर लावला, भिंतीवर १३२५ चा आकडा आला आणि लाईट गेली. वायरमनला फोन केला तर म्हणे संध्याकाळपर्यंत नाही. पंचेचाळीस स्लाइड्स होत्या माझ्याकडं.

मग काय, बसले खाली आणि सांगायला लागले. त्यांची बोली पावरी, मला थोडी समजते पण बोलता येत नाही, आशाताई भाषांतर करायची. म्हटलं एक देश आहे आफ्रिकेत, लायबेरिया, तिथं चौदा वर्षं लढाई चालली, पोरांना पळवून हातात बंदुका दिल्या. २००३ ला तिथल्या बायका, ख्रिश्चन आणि मुसलमान दोन्ही, पांढरे कपडे घालून मासळी बाजाराजवळ रस्त्याच्या कडेला येऊन बसल्या, ऊन बघितलं नाही पाऊस बघितला नाही, कारण राष्ट्राध्यक्ष टेलरच्या गाड्या त्याच रस्त्याने जायच्या. त्यांची पुढारी लेमा ग्बोवी, तिला नंतर २०११ ला नोबेल मिळालं. मग शेजारच्या घानात, आक्रा शहरात बोलणी सुरू झाली. पुरुष मंडळी मोठ्या हॉटेलात राहायची, जेवण भारी, आठवडे जायला लागले आणि इकडं माणसं मरतच होती. तर या बायका तिथं गेल्या आणि बोलणी चालली होती त्या हॉलच्या दारात हातात हात गुंफून खाली बसल्या, म्हणे ठरवल्याशिवाय एकाला बाहेर सोडत नाही. पोलीस पकडायला आले तर लेमा म्हणाली थांबा, मीच कपडे उतरवते. तिकडं आईच्या वयाच्या बाईने रागाने असं केलं तर तो मोठा शाप समजतात.

खोलीत एकदम चिडीचूप. मग डाव्या भिंतीकडची एक तोंडात पदर धरून हसली, मग उजवीकडची एक हसली, आणि दोन मिनिटं नुसता गोंधळ. मला कोणीतरी काय काय सांगत होतं ते आशाताईने भाषांतर करायला साफ नकार दिला.

हसू थांबल्यावर एका आजींनी विचारलं, सत्तरीच्या असतील, दंडात चांदीचं कडं, आवाज खणखणीत: मग त्या बायांना आत बसायला मिळालं का?

मॅन्युअलमध्ये हा प्रश्न नव्हता. मी म्हटलं नाही आजी, ऑगस्टमध्ये करार झाला, लढाई थांबली, पण या सगळ्या बायका होत्या त्या दारातच होत्या, टेबलावर नव्हत्या. नंतर दोन वर्षांनी तिथं निवडणूक झाली आणि बाई राष्ट्राध्यक्ष झाली, एलेन जॉन्सन सरलीफ. आणि २००७ ला आपल्या सीआरपीएफच्या शंभरावर महिला पोलीस तिकडं गेल्या, अशी नुसत्या महिलांची तुकडी संयुक्त राष्ट्रांनी पहिल्यांदाच नेमली होती, २०१६ पर्यंत आपल्या तुकड्या तिथं होत्या. हे ऐकून एका पोरीचा चेहरा असा खुलला, भरतीची तयारी करत असणार. पण आजी तिथंच अडकल्या होत्या, दारातच ना, असं दोनदा म्हणाल्या.

मला वाटलं विषय बदलावा. म्हणून सिएरा लिओन सांगितलं, ते मी खरं तर गाळणार होते. लायबेरियाला लागूनच, तिथलं युद्ध २००२ ला संपलं. लढणाऱ्यांना परत घरी बसवायची योजना होती, बंदूक जमा करायची, नाव यादीत, मग पैसे, काही शिकायला मिळणार. पण फौजेबरोबर हजारो मुली होत्या, पळवून नेलेल्या, कोणी स्वयंपाक केला, कोणी ओझी वाहिली, कोणाला बळजबरीने बायको केलं, काही तर लढल्यापण. त्यातल्या बऱ्याच जणींकडं दाखवायला बंदूकच नव्हती, किंवा कमांडरने आधीच काढून घेतलेली, त्यामुळं कितीतरी जणी यादीत आल्याच नाहीत.

आशाताईचं भाषांतर संपलं आणि उजव्या भिंतीची एक बाई उठली. पस्तिशीची असेल. काही न बोलता तिने बाही वर केली आणि हात पुढं केला. कोपर असं विचित्र वाकडं, हात सरळ होतच नव्हता. त्या दिवशी भांडणात दिराला मागं ओढत होती तर काठी बसली, हाड बसवलं ते वैदूकडं, वाकडं बसलं. भाकरी थापता येत नाही, लेक थापते. मी विचारलं जखमींच्या यादीत तुझं नाव आहे का. ती म्हणाली, पंचांनी सांगितलं तू कुठं भांडणात होती.

मग जे सुरू झालं ते मी नीट क्रमाने सांगू शकत नाही कारण सगळ्या एकदम बोलत होत्या. एवढं समजलं की त्या दिवशी सात-आठ बायका, दोन्ही पाड्यांच्या, नाल्यात मधी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, एकीने तर तान्हं लेकरू वर धरलं होतं, आणि म्हणून बाण थांबले. पोलीस यायच्या तासभर आधी ते थांबलं होतं. हे मला दीड वर्षात कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी पंचांना विचारत होते.

आणि झिरा! खरी मेख तिथं होती. नाला आटला की बायका वाळूत खड्डा करून पाणी काढतात, त्याला झिरा म्हणतात, वाटीने वाटीने हंडा भरतो. दोन्ही पाड्यांचा चांगला झिरा एकच, नाल्याच्या पात्रात. पुरुषांनी समझोत्यात नाला ही हद्द धरली, त्यांच्या हिशोबाने ती कोणाचीच जागा नव्हती, बायकांच्या हिशोबाने ती रोजची दोघींची होती. जूनमध्ये नाल्याला पाणी येणारच होतं म्हणून कोणाला फरक पडला नाही. जानेवारीत नाला आटला, झिरा आला हद्दीवर, डावीकडच्या म्हणायला लागल्या आमच्या बाजूला आहे, उजवीकडच्यांना पोरं हाकलायला लागली, हंडे फुटले, आणि हंड्यावरून दगड. दारूबिरू सगळं नंतर.

तेवढ्यात आजींनी कमरेच्या पिशवीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून घडी घातलेला कागद. वनहक्काचं प्रमाणपत्र, जंगलातली जमीन कसण्याच्या हक्काचं. माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या वाच. मी वाचलं, नवऱ्याचं नाव, आणि त्याच्या जोडीला आजींचं नाव. माझ्या पोटात खड्डा पडला. २००६ च्या वनहक्क कायद्यात हे स्पष्ट आहे, लग्न झालेलं असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे, आणि ती जमीन वारसाने जाते पण विकता येत नाही की दुसऱ्याला देता येत नाही. हे मी गावोगाव जाऊन फळ्यावर लिहून शिकवलंय, स्वतः दावे भरलेत. आणि समझोत्यात नाला हद्द धरली म्हणजे आजींच्या उताराचा अर्धा-पाऊण एकर गपचूप पलीकडच्या पाड्याला गेला होता, तो कागद आजींच्या अंगठ्याशिवाय झाला होता, आणि अंगठा घेतला असता तरी तसा देता येत नव्हता.

आजींनी विचारलं, यात मी आहे ना? मग त्या कागदात का नाही?

मी म्हटलं, चूक झाली. कोणाची, ते नाही सांगितलं. शाईचं पॅड तेव्हाही पर्समध्येच होतं.

मी लगेच बाणेदारपणे उभी राहिले वगैरे काही झालं नाही. मी म्हटलं की आपण हे सगळं लिहून घेऊ, रिपोर्टमध्ये टाकू, वरती पाठवू. वरती म्हणजे कुठं ते माझं मलाच माहीत नव्हतं. आशाताईने हे भाषांतर केलं का अजून काही सांगितलं कोण जाणे, पण बायका उठल्या आणि सरळ मोहाच्या झाडाकडं निघाल्या, भिंतीच्या दोन रांगा दारातून निघताना एक झाल्या, दार अरुंद होतं म्हणून. तिकडं मोटरसायकलींवर पोरं बसली होती, त्यांनी बकरीसारखं बें बें सुरू केलं. मला एकदम उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचं आठवलं. तिथं १९९६ ला बायकांनी काही आठवड्यांत स्वतःचा पक्ष उभा केला, कॅथलिक-प्रोटेस्टंट दोन्ही मिळून, शांतता बोलणीत दोन जागा मिळवल्या, तर सभागृहात त्या बोलायला उठल्या की काही पुरुष गाईसारखे हंबरायचे. १९९८ च्या करारात तरी त्यांनी हिंसाचाराच्या बळींचा मुद्दा लावून धरला. मी चालता चालता हे आशाताईला सांगितलं, तिने मोठ्याने सगळ्यांना सांगितलं, पोरांकडं बघत. बें बें थांबलं. एकाला त्याच्या आईनेच मोटरसायकलवरून उतरवलं.

पोलीस पाटील माझ्यावर भडकले. "मॅडम, मिटलेलं उकरून काढायला आल्या का तुम्ही?" खरं सांगते, घाबरले मी. परत काही पेटलं असतं तर संस्थेचं नाव, माझी नोकरी, आणि परत एखादा डोळा. ही भीती खोटी नव्हती, जखम कोरडी दिसत होती आणि मी तिच्यावर बोट ठेवत होते. कारभारी बिचारे समजूतदार, म्हणाले आधी जेवून घ्या, भाकरी करा, मग बोलू. आजी म्हणाल्या पीठ मळलेलं आहे, कागद आधी.

मग तासभर बसलो. नुसतं गोड बोलणं झालं नाही, मधी दोनदा आवाज चढले, एक जण उठून गेला तो गेलाच. शेवटी मूळ कागद तसाच ठेवून मागं एक पान जोडायचं ठरलं. झिरा दोघांचा, सकाळी एका पाड्याने, दुपारनंतर दुसऱ्याने, आठवड्याने पाळी बदलायची, तिथं पुरुषाने काठी घेऊन उभं राहायचं नाही. झिऱ्यावर भांडण झालं तर आधी दोन्ही पाड्यांच्या दोन-दोन बायकांना बोलवायचं, मग पंचांना. वेळा पुरुषांनी सुचवल्या होत्या त्या बायकांनी दोन मिनिटांत खोडल्या, कारण सकाळी झिऱ्यात पाणी रात्रभर साठलेलं असतं आणि दुपारी तळ लागतो, म्हणून ती पाळी बदलायची अट. मला हे सुचलंच नसतं. आजींच्या उताराचा विषय वनहक्क समितीकडं परत न्यायचा, मोजणी करायची. कोपराच्या पैशांवर मात्र घोडं अडलं. पंच म्हणाले एकीला दिले तर सगळ्या येतील. ती म्हणाली, येऊ दे ना.

ते तसंच राहिलं.

पानावर डावीकडच्या पाड्याच्या सहा बायकांचे अंगठे झाले. उजवीकडून फक्त दोघी, आजी आणि कोपरवाली, बाकीच्या म्हणाल्या घरी विचारून सांगतो. मी पॅड धरून उभी होते, जूनसारखीच. कोपरवालीचा उजवा हात पॅडपर्यंत नीट येईना म्हणून मी पॅड तिच्याजवळ नेलं, तर तिने डावा अंगठा उठवला. वरून एक जण म्हणाला अहो बायकांचा डावाच चालतो. त्याच्याकडं कोणी लक्ष दिलं नाही.

जेवायला साडेतीन वाजले. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि मधली जीपएवढी जागा तशीच होती, दोन हात कमी झाली असेल.

येताना जीपमध्ये दादांनी विचारलं, लाईट नव्हती तर ट्रेनिंग कॅन्सल झालं का मग. मी म्हटलं तसंच समजा.

त्याला आता तीन आठवडे झाले. आशाताईचा काल फोन होता, झिऱ्याची पाळी एकदा बदलली, एकदा विसरले आणि थोडी बाचाबाची झाली, पण हंडा फुटला नाही. उजवीकडच्या अजून तिघी अंगठा द्यायला तयार आहेत, पॅड घेऊन या म्हणाली. भोंगऱ्यानंतरच्या मंगळवारी कोपराच्या पैशांवर परत बसायचंय, पंच येतो म्हणालेत, पोलीस पाटलांचं अजून नक्की नाही. अहवालातल्या त्या फोटोखालचा 'यशोगाथा' शब्द काढायला सांगितलाय मी, तर डिझाइन करणारा पोरगा म्हणतो छापून झालाय मॅडम, आता पुढच्या वर्षी.